मंगळवारचा माणूस

रूलोफ दर मंगळवारी सकाळी सायकलवरून येई, ओला रेनकोट दारामागच्या खुंटीला अडकवी, योरीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे आणि काहीही करत नसे. त्याचा पगार नगरपालिकेच्या पैशातून निघे.

“माझी शेजारीण विचारते, तुमचं काम तरी काय?” तो एकदा योरीनला म्हणाला होता. “म्हटलं, बसतो. तिला वाटलं, मी तिची चेष्टा करतोय.”

तो पेपरातलं शब्दकोडं उघडून बसला की योरीन सिंकपाशी उभी राही. साठलेली भांडी घासून होत, टपाल उघडलं जाई, धुण्याचं यंत्र लागे, कधीकधी केसही धुतले जात. रूलोफ मदत करत नसे, काही सुचवत नसे, शाबासकी तर मुळीच देत नसे. तो नुसता तिथे असे. तो नसला की तीच योरीन, तेच हात, तोच नळ. पण काही सुरूच होत नसे. ऑगस्टमध्ये तो सुटीवर गेला तेव्हा सिंकमधल्या पातेल्यावर बुरशीची हिरवी लव धरली. एके काळी योरीनने ती लव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली असती. आता तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि तो परत येईपर्यंत उघडलं नाही. पावावर लोणी आणि चॉकलेटचे दाणे, तिन्ही त्रिकाळ तेच, पलंगावर बसून.

कालव्यांच्या पाण्यात काचेच्या कवचाची शेवाळं असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. त्यांतली कुठली आहेत आणि कुठली नाहीत हे बघून पाणी कसं आहे ते योरीन सांगत असे. प्रयोगशाळेत तिचं टेबल खिडकीपाशी होतं. मग तिथल्या भिंती पाडल्या गेल्या, रोज रिकामं मिळेल त्या टेबलाशी बसायचं असं ठरलं. शिवाय कुणाचाही वाढदिवस असला की सगळ्यांनी गोल बसून केक खायचा आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याचंच नव्हे, तर झाडून सगळ्यांचं अभिनंदन करायचं. आपल्याला ऑटिझम आहे हे योरीनला पस्तिशीत कळलं. तोवर ती हे सगळं दात आवळून निभावत आली होती, आणि कळल्यावरही तसंच निभावत राहिली. चाळिशी उलटल्यावर एका सकाळी तिला कामावर जाण्यासाठी बूट घालता येईनात.

घरी बसल्यावर तिला वाटलं, बरं झालं, आता दिवसभर शेवाळं बघू. तिने थेंब काचपट्टीवर घेतला, डोळा लावला. सगळी तिथे होती. नावंही आठवत होती. पण ती असली काय आणि नसली काय! तिने सूक्ष्मदर्शकावर उशीचा अभ्रा घातला. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणाले. योरीनला दुःख ओळखता येत होतं, आई गेली तेव्हा ते झालं होतं. हे दुःख नव्हतं. हे काहीच नव्हतं.

“तू कण आहेस,” तिने एका मंगळवारी रूलोफला सांगितलं. “पाणी कधीकधी शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतं. त्यात एक कण पडला की क्षणात बर्फ होतो. कण काही करत नाही. नुसता असतो.”

“कसला कण? धुळीचा?”

“धुळीचाही चालतो.”

“आभारी आहे,” म्हणून रूलोफने पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

शरद सरत आला तेव्हा रूलोफची मदत चालू ठेवायची की नाही हे ठरवायला नगरपालिकेकडून मार्लूस नावाची बाई आली. हे काम कचेरीत होत नाही. बाई घरी येते, आपल्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते आणि गप्पा मारता मारता आपल्याला काय जमतं नि काय जमत नाही ते बघते. आणि टेबलाशी पाहुणा बसणार म्हटलं की काय करायचं, हे योरीनच्या आईने तिच्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. टेबल पुसायचं. कॉफी द्यायची. बिस्किटांचा डबा उघडायचा, एकेक द्यायचं, डबा बंद करायचा. पाहुण्याच्या डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मधे बघायचं, कुणाला कळत नाही. तो हसला की हसायचं.

भीतीनेसुद्धा हात हलतात. आदल्या दिवशी योरीनने घर लख्ख केलं, खिडक्यांच्या काचा पुसल्या, केस धुतले. मार्लूस आली, तेव्हा कॉफीचा वास दारापर्यंत येत होता.

“किती छान ठेवलंय हो घर!” मार्लूस म्हणाली. तिच्या भुवया रुंद आणि पिंगट होत्या. योरीनने तासभर त्यांच्या मधल्या जागेकडे बघितलं, तिथला छोटा तीळ पाठ केला, योग्य जागी हसली. भांडी घासता येतात का? येतात, योरीन म्हणाली. खोटं नव्हतं ते. कशी घासायची हे तिला येत होतंच.

मार्लूस गेल्यावर योरीन दाराशीच, कोटांच्या खाली, फरशीवर बसली. अंधार पडला तरी बसलेलीच होती. पुढचे चार दिवस ती पलंगावरून उठली ती फक्त पाण्यापुरती.

मंगळवारी रूलोफने रेनकोट न काढताच सांगितलं, “ऑफिसातून कळलं. महिनाअखेर माझं येणं बंद. तू स्वतःचं स्वतः छान बघतेस, असं त्या बाईंचं मत पडलंय.” मग सिंककडे बघून तो म्हणाला, “काय केलंस तू?”

“कॉफी.”

“कॉफी!”

“आणि बिस्किट. एकच.”

“अगं पोरी, ती दुखणं बघायला आली होती, वाढदिवसाला नव्हे!” तो खुर्चीत बसला. “हरकत घे. त्यांना परत यावं लागेल. आणि या वेळी आवरू नकोस. पुसू नकोस, हसू नकोस, कॉफी तर अजिबात नको. जसं असतं तसं बघू दे.”

“तू येशील?”

“मी आलो तर ती म्हणेल, हा पोटासाठी बोलतोय. आणि मी बसलो की तू लागतेस कामाला. मग तिला दिसणार काय, कपाळ?”

हरकत घेतली गेली, ती अर्थात मंगळवारी, रूलोफ समोर बसलेला असताना. मार्लूसने परत यायचं ठरलं.

त्या दिवशी योरीनने काहीच केलं नाही, आणि ते तिला कधी नव्हे इतकं जड गेलं. घंटा वाजली तेव्हा तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. सिंकमध्ये पातेलं, कप, चिकटलेल्या बशा. टेबलावर पावाचा चुरा. केस डोक्याला चिकटलेले. ती मार्लूससमोर बसली आणि तिने टेबलाच्या कडेकडे बघितलं, कारण तिला तिथेच बघावंसं वाटत होतं.

“आज बरं नाही का?” मार्लूसने विचारलं.

“आज नेहमीसारखंच आहे.”

“पण गेल्या वेळी तर तुम्ही किती...”

“गेल्या वेळी मी आईने शिकवलेलं केलं.”

मार्लूस थोडा वेळ लॅपटॉपवर टकटक करत राहिली. “हे बघा योरीन, राग मानू नका. मी सरळच विचारते. हल्ली लोक एकमेकांना सल्ले देतात, बाई येणार असली की घर आवरू नका, केस विंचरू नका म्हणून. तुम्हाला असं कुणी...?”

“हो. रूलोफने. आवरू नकोस, हसू नकोस आणि कॉफी देऊ नकोस.”

प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर माहीत होतं. न सांगण्यासारखं त्यात काय होतं, हे तिला मार्लूसची बोटं थांबल्यावर कळायला लागलं.

“पण मी एरवीही आवरत नाही,” योरीन म्हणाली. तिचा आवाज एकसुरी निघाला, नेहमी निघतो तसा. “त्याने सांगितलं ते फक्त तुमच्यासाठी न आवरायला. दोन्ही वेगळं आहे.”

“कळलं,” मार्लूस म्हणाली. तिला कळलं नव्हतं. तिने खिडकीबाहेरच्या भुरभुर पावसाकडे बघितलं, गारठलेले हात एकमेकांवर चोळले. “कॉफीचं म्हणाल तर मला आज खरंच हवी होती. मी करून घेतली तर चालेल? सकाळपासून चौथं घर आहे हो.”

ती उठली, बाह्या वर केल्या, सिंकमधून एक कप काढला आणि नळ सोडला. एकटीपुरता एकच कप धुणं बरं दिसेना म्हणून दुसराही घेतला. योरीन तिच्या पाठीकडे बघत होती. कुणीतरी स्वयंपाकघरात उभं होतं. पाणी वाहत होतं. योरीनचे हात काखेतून आपोआप सुटले. ती उठली, फडकं घेतलं, पहिला कप पुसला. मग स्पंज. मग बशा, खालच्या थरापासून, कोमट पाण्यात आधी भिजवून. मार्लूस बाजूला सरकली, ओट्याला टेकून कॉफी पिऊ लागली. मार्लूसच्या पहिल्या भेटीपासून योरीनच्या डोक्यात चालू असलेली घरघर थांबली होती. तिने पातेलं ओढलं आणि तळ घासायला घेतला.

“बघा!” मार्लूसला मनापासून आनंद झाला होता. “जमतंय की!”

“तुम्ही इथे उभ्या आहात म्हणून.”

“मी? मी तर काहीच केलं नाही!”

“हो,” योरीन म्हणाली. “तेच.”

मार्लूस हसली. कौतुक स्वीकारताना माणसं हसतात तसं. “तुमच्यात आहे ते, योरीन. मदतीची सवय लागते हो माणसाला. आपण आधी ठरलंय तसंच ठेवू या, बरं? महिनाअखेरीपर्यंत.” तिने लॅपटॉप मिटला, कप सिंकच्या कडेला ठेवला, योरीनच्या खांद्याला हात लावणार होती तो वेळीच मागे घेतला. तेवढं तिला शिकवलेलं होतं.

अतिथंड पाणी, कण, बर्फ, हे सगळं एका ओळीत सांगता आलं असतं. योरीनला ती ओळ सापडली तेव्हा बाहेर मार्लूसच्या सायकलचं कुलूप उघडल्याचा आवाज आला होता, मग घंटीचा, मग पावसाचा.

पातेलं निम्मं घासून झालं होतं. उरलेल्या निम्म्यावर फेस बसत चालला होता. हातात स्पंज तसाच होता, मार्लूसचा कप कडेला होता. नळ वाहत होता. तो बंद करायला हवा, हे योरीनला दिसत होतं.