चाखणारा

एक मनुका अजून फुगली नव्हती. बाकीच्या सगळ्या रात्रभर पाणी पिऊन टम्म झाल्या होत्या, पातेल्याच्या तळाशी जाऊन बसल्या होत्या, आणि ही एकटी – सुरकुतलेली, काळी, हट्टी – वरच तरंगत होती. सुवार्ताने तिला बोटाने खाली दाबलं. ती पुन्हा वर आली. पुन्हा दाबलं... आणि आपण सकाळी सकाळी एका मनुकेशी भांडतो आहोत हे लक्षात येऊन तिने हात पदराला पुसले.

उद्या महिन्यातला पहिला रविवार. निलंग्याच्या त्या छोट्या चर्चमध्ये उद्या प्रभुभोजन, आणि त्याचा द्राक्षरस करायचं काम लग्न होऊन या गावात आल्यापासून तिच्याकडे. द्राक्षरस म्हणायचा एवढंच. शुक्रवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी कुस्करून उकळायच्या, मलमलीतून गाळायच्या आणि साखर घालायची. रविवारी पाळकसाहेब तोच रस इवल्या इवल्या पेल्यांतून मंडळीला देतात, आपल्यासाठी सांडलेल्या रक्ताची आठवण करा म्हणतात. एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात आपल्या घरातल्या जर्मनच्या पातेल्यात होते याचं तिला पूर्वी हसू यायचं. वर्षभरात आलं नव्हतं.

अडचण एकच होती, तीही तिच्या आईने लावून दिलेली. उदगीरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली तिची आई प्रभुभोजनाच्या आदल्या सकाळपासून पाण्याशिवाय तोंडात काही घालायची नाही, आणि लेकीलाही तीच सवय. मग रस चाखणार कोण? चाखायचा बसवराज, तिचा नवरा. जातीचा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, एसटी स्टँडजवळ किराणा दुकान. चर्चच्या आत तो गेला असेल तर पंखा दुरुस्त करायला; एरवी दर रविवारी तिला स्कूटरवरून सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली पेपर वाचत बसायचा. पण शनिवारी मात्र दुकान टाकून घरी हजर, स्वयंपाकघराच्या दारात लहान पोरासारखा आ करून उभा. चमचाभर रस तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा, आणि निकाल द्यायचा – "अजून मूठभर साखर टाक. तुमच्या देवाला गोड आवडतंय का मला ठाव न्हाई, पण मंडळीला आवडतंय."

त्याला जाऊन वर्ष झालं. गेल्या आठवड्यात पुण्यस्मरण झालं, लिंगायतांचे पुरोहित जंगम जेवून गेले, घर पुन्हा मोकळं झालं. वर्षभर तिने दर महिन्याला रस केला – न चाखताच. गेल्या खेपेला तो इतका आंबट झाला की पाळकसाहेबांना आशीर्वाद देता देता ठसका लागला. दर खेपेला तिने पेले धुतले, ताटात मांडले, आणि ताट आपल्यापुढे आलं की पेला न घेता ते शेजारणीकडे सरकवलं. बायकांना वाटलं, बिचारी दुःखात आहे. दुःख तर होतंच... पण त्याखाली राग होता, चांगला धगधगता.

प्रार्थनासभा चालवणारे शांतवनभाऊ बसवराज गेला त्या दिवसांत भेटायला आले होते, पिशवीभर पेरू घेऊन, डोळ्यांत खरंखुरं पाणी घेऊन. माणूस वाईट नव्हता. म्हणून तर त्याचं बोलणं लागलं.

"ताई, शेवटी काही बोलले का ते? प्रभूचं नाव घेतलं का?"

"नाही," ती म्हणाली.

भाऊंनी डोळे पुसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तारण ज्याचं त्यालाच स्वीकारावं लागतं, ताई. नवऱ्याचं बायकोला घेता येत नाही." पेरू टोपल्यात ओतले, पिशवी घडी करून खिशात घातली, आणि गेले.

मग माझं मी एकटीने घेऊ? मी आत बसून पेला ओठांना लावायचा, आणि ज्यांनी तो इतकी वर्षं गोड करून दिला ते बाहेर... कुठे बाहेर? कडुनिंबाखाली? की तिथेही नाही? तसलं तारण मला नको, असं ती वर्षभर देवाला सुनावत आली होती, आणि देवही वर्षभर गप्प होता. उद्या पुन्हा ताट पुढे येणार होतं. पुन्हा सरकवायचं... किती दिवस सरकवायचं?

मनुका कुस्करताना बोटं जांभळी झाली. लहानपणी रविवारच्या शाळेत बाई तारण समजावून सांगायच्या – माणूस विहिरीत पडला आहे, देवाने वरून दोर सोडला आहे, आता धरायचं काम माणसाचं. सुवार्ताने हात वर करून विचारलं होतं, "आणि विहिरीत अंधार असला, दोर दिसलाच नाही तर?" बाईंनी तिला एक चॉकलेट दिलं आणि खाली बसवलं. तो प्रश्न चॉकलेटखाली तसाच राहून गेला होता, आणि आता एवढ्या वर्षांनी तो वर आला तेव्हा विहिरीत बसवराज होता.

आणि ती शांतवनभाऊंना जे बोलली तेही पुरतं खरं नव्हतं. बसवराज बोलला होता. लातूरला दवाखान्यात नेताना, जीपमध्ये, औशाच्या अलीकडे – डोकं तिच्या मांडीवर, घाम पुसता पुसता तिचा पदर ओला – त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मनुका भिजत घातल्यास का?" शुक्रवार होता. ती म्हणाली, "घातल्या." त्याने मान हलवली, आणि तेवढंच. ना शिवाचं नाव, ना ख्रिस्ताचं. हे भाऊंना कसं सांगणार? मनुकांवरून कुणाचं तारण होत असतं का?

रस उकळला, गाळून झाला. पलीकडच्या कोपऱ्यात गौरम्माची, तिच्या सासूची, पूजा चालू होती; डाव्या तळहातावर लिंग, त्यावर नजर, ओठ हलताहेत. एकाच स्वयंपाकघरात दोन चुली होत्या. ख्रिस्ती सून घरात आली त्या दिवशी गौरम्माने आपली चूल वेगळी मांडली, आणि तेव्हापासून सुनेच्या हातचं पाणीदेखील घेतलं नाही. भांडण नव्हतं, टोमणे नव्हते. सुनेला ताप आला तर म्हातारी रात्रभर उशाशी बसायची, पण घोटभर चहा मात्र आपला आपण करून घ्यायची. बसवराजने दोघींत उजवं-डावं नको म्हणून स्टीलचे डबेसुद्धा अगदी सारखे, दोन जोड आणले होते. सुवार्ताने हात लांब करून डबा ओढला, नेहमीच्या अंदाजाने वाटी भरून पातेल्यात उलटी केली, ढवळलं, चमचा भरला, फुंकर मारली, आणि दाराकडे वळली.

दारात कुणी नव्हतं.

अशी चूक तिच्याकडून वर्षभरात झाली नव्हती. चमचा हवेत, त्यातून वाफ निघते आहे, समोर नुसती चौकट आणि चौकटीतून दिसणारा अंगणातला नळ... आणि तिला चमचा खाली ठेवता येईना. ठेवला तर काहीतरी कायमचं संपेल असं वाटलं. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे.

"आण इकडं," मागून गौरम्मा म्हणाली.

तिने वळून पाहिलं. म्हातारीने लिंग पुन्हा चांदीच्या चौक्यात घालून गळ्यात सोडलं होतं, आणि उजवा तळहात पुढे केला होता, तीर्थाला करतात तसा.

"आत्याबाई... माझ्या हातचं आहे."

"मला दिसतंय की. आण, निवून जाईल."

सुवार्ताने चमचा त्या सुरकुतलेल्या हातावर उपडा केला. गौरम्माने रस तोंडात घेतला, लेकासारखेच डोळे मिटले – आणि तिचं सगळं तोंड एकदम गोळा झालं.

"अय्यो शिवा! पोरी, मीठ हाय की गं ह्ये!"

"मीठ?"

"मीठ! माझा डबा उचललास तू!" म्हातारी उठली, मोरीत थुंकली, चूळ भरली. पुण्यस्मरणाला सगळे डबे घासले तेव्हा अदलाबदल झाली असणार. "आख्खी मंडळी वकत वकत घरी गेली असती! त्यो पाळकसायब तर उद्याच बदली मागून घेतला असता!"

आणि सुवार्ताला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग भिंतीला टेकून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोळ्यांपुढे आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच वर, आणि पाळकसाहेबांचा चेहरा... गौरम्माही हसत होती, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. "म्हणून चाखत व्हता माझा बसू," ती म्हणाली, आणि मग दोघी थोड्या रडल्या, पण त्या हसण्याच्याच भरात.

मनुका संपल्या होत्या. पातेलं मोरीत रिकामं करून सुवार्ता बाजारात जायला पिशवी शोधू लागली, तर गौरम्माने आपल्या कोपऱ्यातून एक डबा आणून पुढ्यात ठेवला. काळ्या मनुका, गच्च भरून.

सुवार्ता घुटमळली. गौरम्मा तिच्याकडे न बघता म्हणाली, "देवापुढं ठिवल्याल्या न्हाईत हं. तसलं तुमच्यात चालत न्हाई, बसूनं सांगितलं व्हतं. ह्या येगळ्या ठिवल्यात."

कधीपासून? कुणासाठी? सुवार्ताने पाणी तापवून मनुकांवर ओतलं. गरम पाण्यात दुपारपर्यंत फुगतील. दोघी समोरासमोर बसून उरलेल्यांचे देठ काढू लागल्या.

"आत्याबाई," ती देठ खुडता खुडता म्हणाली, "ते कुठं असतील हो?"

"शिवाकडं. आनि कुठं?" गौरम्माने एक देठ बाजूला टाकला. "का, तुझा देव वळखत न्हाई त्याला? इतकी वर्सं त्याच्या घरचं चाखून दिलं की."

शांतवनभाऊ हे ऐकून डोक्याला हात लावतील, आणि पाळकसाहेबांना विचारलं तर ते चष्मा पुसत बसतील. पण सुवार्ताच्या छातीवरून कुणी पाटा उचलावा तसं झालं. दोर सोडून काठावर उभा राहणारा देव तिला लहानपणापासूनच पटला नव्हता. तो स्वतः उतरला, अंधारात उतरला, असंच तर आपण दर नाताळात घसा फोडून गातो... मग विहिरीत कोण कुठे आहे ते त्याला चाचपडून कळेल. ते आपल्याला वरून बघून सांगायचं नाही. आणि जीपमध्ये त्यांनी मला जे विचारलं ते काही थोडं नव्हतं... मरता मरता माणूस रविवारच्या भोजनाची तयारी झाली का विचारत होता. हे भाऊंना सांगायला हवं. पटेल न पटेल, सांगायला हवं.

पातेल्यात मनुका हळूहळू जड होऊन तळाशी बसत होत्या. एकदोन वर होत्या. तिने त्यांना दाबलं नाही.

पोटात काहीतरी कळवळलं. तिला आधी उमगेना, मग उमगलं तेव्हा ती चकित झाली. वर्षभर ती उपास धरत होती, सोडत होती, घास मोजून गिळत होती, आणि एकदाही असं झालं नव्हतं. उद्या सकाळच्या प्रभुभोजनातल्या भाकरीच्या तुकड्यापर्यंत आणि पेल्यापर्यंत आता काही मिळायचं नव्हतं, आणि तिला सडकून भूक लागली होती.