पाणी कुठं पळून चाललं

लग्न होऊन हिंगणीला आले त्याला सात वर्षं झाली होती, आणि बोर धरण आमच्या घरापासून पायी तासाभराच्या वाटेवर, तरी ब्याऐंशीच्या हिवाळ्यापर्यंत मी ते पाहिलं नव्हतं. माझ्या माहेरगावची देवकाबाई आत्या धरणाजवळच राहायची, तिचा नवरा तिथे चौकीदार होता. बाजारात भेटली की म्हणायची, "येजो वं पोरी, रुखीले घेऊन. पायऱ्यायवर बसू."

"येतो ना आत्या. पाणी कुठं पळून चाललं?"

रुखीचंही तसंच. चार वर्षांची पोर दिवसभर पदर धरून 'आई, खेळ नं' म्हणायची, आणि मी तिचं कपाळ चाचपून, ताप नाही एवढं पाहून, पुन्हा तूर निवडायला बसायची. पोर तर घरातच आहे, खेळू उद्या.

त्या हिवाळ्यात आत्याने बोलावणं सोडलं. ते माझ्या लक्षात आलं, तिने पिशवीतून रुखीची एक चप्पल काढून माझ्या हातात दिली तेव्हा. दोन दिवस मी ती घरभर शोधत होते.

"पायरीवर इसरून गेलतीस."

"मी कधी आलतो, आत्या?"

"घ्या. परवा अर्धा दिवस पोरीसंग पाण्यात पाय सोडून बसली, हासता हासता माह्या घरचा चहा सांडवला, अन् आता कधी म्हणते. घरी भांडण झालं का वं?"

परवा मी घरी तूर भरडत होते. रुखी मागच्या खोलीत निजली आहे, असं मला वाटत होतं. निजू दे म्हणून मी आत डोकावलेही नव्हते.

घरी येऊन पोरीला विचारलं, "धरणावर कोणासंग गेलतीस?"

"तुह्यासंग," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "तिथं तू माह्या कपाळाले हात नाई लावत."

ह्यांना मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वावरात गेल्यावर भाकरी बांधली, चूल विझवली, दाराला कुलूप घातलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि रुखीला कडेवर घेऊन निघाले. माझ्या पोरीचं हसणं मी दुसऱ्या कोणाला नेऊ देणार नव्हते.

पायऱ्यांवर कोणी नव्हतं. मी पातळ गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात पाय सोडले, कपाळाकडे जाणारा हात मांडीखाली दाबून धरला, आणि हसले. आधी ठरवून, मग खरोखरच. रुखी माझ्या अंगावर पाणी उडवत होती. आता रोज यायचं, काम पडून राहिलं तरी चालेल, असं मी मनाशी पक्कं केलं.

ऊन उतरू लागलं तशी ती खेळता खेळता थांबली. माझ्या गालावर ओला हात ठेवून, समजूत घालावी तशी हळूच म्हणाली,

"मले पोचवून दे नं आता. घरची आई वाट पाहून राह्यली असन."