नाकाडी

लाकडाच्या वखारीमागे एक जुनी बस तीस वर्षं फळ्यांचं कोठार होऊन उभी होती. तिचं इंजिन पुढे लांब नाकासारखं आलेलं, म्हणून सगळे तिला नाकाडी म्हणत. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांची नजर तिच्यावर गेली आणि पुढची तीन वर्षं त्यांनी तिच्यापायी घालवली. गंजलेला पत्रा बदलला, खिडक्यांच्या चौकटी घासून काढल्या, इंजिन खोलून पुन्हा बसवलं. त्यांची बायको म्हणायची, "घरात मीठ कुठे असतं ते यांना ठाऊक नाही, पण त्या बसचा कुठला नट कुठे लागतो ते तोंडपाठ आहे."

शेवटी सीटा उरल्या, तेव्हा मास्तरांनी ताईला बोलावलं. ताई पन्नाशीला टेकलेली. गाड्यांच्या सीटा शिवायचं तिचं दुकान होतं आणि शिवलेला माल ती स्वतःच टेम्पो चालवून पोचवायची. जुन्या रेक्झिनचा एक तुकडा रंग जुळवायला म्हणून तिने घरी नेला आणि टेबलावर ठेवला. शेजारी बसलेल्या तिच्या बाबांच्या हाताला तो लागला. त्यांनी अंगठ्याने शिवण चाचपली.

"दुहेरी शिवण," ते म्हणाले. "नाकाडीची सीट आहे ही. कुठे मिळाली?"

ताई चपापली. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती, सुरुवातीला हीच नाकाडी, पण गेली पंधरा वर्षं त्यांनी बसचं नावही काढलं नव्हतं. त्यांची नजर हळूहळू मंदावत गेली होती आणि ते घरात कुणालाच कळलं नव्हतं. एका सकाळी समोरचा सिग्नल लाल की हिरवा हे त्यांना मागच्या प्रवाशाला विचारावं लागलं. त्यांनी बस तिथेच कडेला लावली, चालत डेपोत गेले आणि चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. आता तर त्यांना नुसता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. घराबाहेर पडणं जवळजवळ थांबलंच होतं.

"मला घेऊन चल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना वखारीत घेऊन गेली. मास्तर नेमके तेव्हाच बस पुढेमागे करून बघत होते. दर वेळी गिअर टाकताना असा काही करकरायचा की वखारीतली माणसं काम थांबवून बघायची.

बाबा दारातच थबकले. "मास्तर, थांबा. तिला दुखतंय."

मास्तर ओशाळून खाली उतरले. "काका, इंजिन झकास झालंय. पण हा गिअर आमच्यातल्या एकालाही पडत नाही."

बाबांनी काठी ताईकडे दिली आणि पत्र्यावर हात ठेवून बसला पूर्ण फेरी मारली. मग कुणाचा आधार न घेता वर चढले आणि ड्रायव्हरच्या जागी बसले. पाय आपोआप क्लचवर गेला, हात गिअरच्या दांड्यावर.

"काका, वखारीचं आवार मोकळं आहे," मास्तर म्हणाले. "दोन फूट तरी पुढे घ्या. आम्ही आहोत."

बाबा बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. "नको. मी चावी एकदा परत केलीय." मग मान वळवून म्हणाले, "ही चालवेल."

"मी?" ताई म्हणाली. "बाबा, माझा टेम्पो वेगळा आणि हे धूड वेगळं."

"जन्मभर शिलाई मशीन चालवतेस ना? सुई कुठे अडकतेय ते तुला बघायच्या आधी ऐकू येतं. इथेही पायाचं आणि कानाचंच काम आहे."

मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोघं वखारीत यायची. बाबा तिच्या मागच्या सीटवर बसत. क्लच दाब, दांडा मधे आण, क्लच सोड, इंजिनाचा आवाज खाली उतरू दे, पुन्हा दाब. "आता," ते म्हणत. ताईचं 'आता' मात्र कधी आधी व्हायचं, कधी नंतर.

"गिअर टाकायचाय," बाबा म्हणायचे. "दळण नाही दळायचं."

दहाव्या दिवशी तिने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "मला नाही जमत, बाबा. उगाच तुमची फजिती."

बाबा पुढे वाकले. मग म्हणाले, "हे मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला तिसरा गिअर पडलाच नाही. सगळी फेरी दुसऱ्यावर काढली. दोन प्रवासी उतरून चालायला लागले आणि माझ्या आधी पोचले."

ताईला हसू आवरेना. हसता हसताच तिने बस सुरू केली.

जड वाहनाचं लायसन्स ताईच्या हातात पडलं त्या आठवड्यात नाकाडी रस्त्यावर आली. सीटांवर नवं हिरवं रेक्झिन, मागे बाबा, मास्तर आणि त्यांची बायको. तळ्याच्या बाजूचा चढ लागला. इंजिन जड झालं. ताई मागून येणाऱ्या 'आता' या शब्दाची वाट पाहत होती, पण तो आला नाही. आवाज आणखी खाली गेला, तिचा पाय आपसूक दाबला गेला आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

चढ संपल्यावर तिने विचारलं, "बाबा, बोलला का नाहीत?"

"ऐकत होतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. "पुढच्या थांब्यावर मला उतरव."

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय. एकतीस वर्षं मी बसच्या आत होतो गं. आपली बस लांबून येते ती कशी, ते मी कधी थांब्यावर उभं राहून ऐकलंच नाही."

मास्तर त्यांच्याबरोबर उतरले. ताई पुढे गेली, तळ्याला वळसा घालून परत निघाली. थांब्यावर मास्तरांना रस्ता रिकामाच दिसत होता. वळणाआड काही आहे की नाही तेही कळत नव्हतं. पण बाबा एकदम ताठ झाले, शर्ट नीट केला, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला.

दोघं तसेच उभे राहिले. मग वळणावर ते लांब नाक दिसलं, गिअर उतरला, आणि नाकाडी येऊन दार बरोबर बाबांच्या समोर येईल अशी थांबली.