मेरिम रडत नाही

दत्तक पोरांच्या घरी भेटी द्यायला बिश्केक शहरातून येणारी ती गुलबारा पहिल्याच दिवशी माझ्या मनातून उतरली. दारात आलेल्या माणसाने निदान भाकरीचा तुकडा तरी मोडावा. हिने कॅमेरा काढला आणि कोपऱ्यात बसली. माझी सून सायकाल बालगृहातून दीड वर्षाची मेरिम घेऊन आली, तेव्हापासून हिच्या फेऱ्या सुरू. म्हणे, मायलेकी खेळताना चित्रण करायचं आणि मग सगळ्यांनी बसून ते बघायचं. एकदा पोर आम्हांला दिली ना, मग ही पाळत कसली? कुठेतरी पाणी मुरत होतं. आमची चूक सापडली की पोर परत न्यायची, दुसरं काय!

मी सुनेला बजावलं, ही असेपर्यंत घरात रडारड नको. मेरिमची तशी काळजी नव्हतीच. ती कधी रडायचीच नाही. गल्लीतल्या बायका हेवा करायच्या आणि मी फुशारून जायचे.

एकदा कॅमेऱ्यासमोरच मेरिम धडपडली. बैठ्या मेजाच्या कडेवर कपाळ आपटलं, टेंगूळ आलं, पण हूं नाही की चूं नाही. सायकाल उठायला लागली, तर मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बघितलंस?" मी गुलबाराला म्हटलं. "किती गुणी आहे आमची पोर!"

गुलबाराने कॅमेरा आमच्याकडे वळवला. तिने आम्हांला चित्रणच दाखवलं. पडल्यावर मेरिमने आधी सायकालकडे पाहिलं होतं, पळभरच. मग ओठ मिटून ती स्वतःच आपलं कपाळ चोळत बसली होती.

"आपा, हा गुणीपणा नाही," गुलबारा म्हणाली. "रडलं तरी कुणी येत नाही, एवढं ती बालगृहात शिकलीय. तिने नुसतं पाहिलं तरी जायचं. रडायची वाट बघायची नाही."

आणि जाणाऱ्या आईला धरून ठेवणारी मीच. गुलबारावरचा संशय काही गेला नाही, पण त्या दिवसापासून मेरिमची मान वळली की सायकाल हातातलं पीठ तसंच टाकून धावायची.

वसंतात गुलबारा शेवटची आली. निघताना तिने मेरिमला उचललं आणि कौतुक करत दाराकडे वळली. नेतेच आहे ही! मी उठेपर्यंत मेरिमने सायकालकडे दोन्ही हात केले आणि भोकाड पसरलं. केवढं ते भोकाड! गुलबाराने तिला लगेच आईकडे दिलं, तरी ती थांबेना.

शेजारच्या तुरसुनने कुंपणावरून विचारलं, "काय गं, मारताय की काय पोरीला?"

"नाही गं," मी म्हटलं. "तिला तिची आई हवीय."