पेशी बदलली

उमाबाईला रेवणप्पाच्या सावलीचाही संशय यायचा. आता तुम्ही म्हणाल, सख्खा धाकटा दीर, एवढं काय? अहो, त्यानंच तर तिला कोर्टात खेचलं होतं! उदगीरच्या हमरस्त्याला लागून इवलीशी जागा. नवरा होता तोवर तिथं उकिरडा होता, कुत्रं फिरकत नव्हतं. पण उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली, कचेऱ्या त्याच अंगाला येणार म्हणून लोक सांगू लागले, आणि उकिरड्याला सोन्याचा भाव आला. जागा होती उमाबाईच्या एकुलत्या एका पोराच्या, शिवमूर्तीच्या नावावर. रेवणप्पा म्हणे, अर्धी माझी. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद.

त्यात तो दुष्काळ. लातूरला पाणी रेल्वेनं यायचं, तर उदगीरची काय कथा! ज्यानं त्यानं पिंपं, घागरी भरून ठेवलेल्या आणि त्यात डासांनी संसार थाटलेला. शिवमूर्ती तापानं फणफणला. डेंगी म्हणून डॉक्टरनं लातूरला धाडलं. तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात रेवणप्पा हजर! हातात शहाळं, तोंडावर काळजी.

"वैनी, पोरगं कसं हाय?"

"हाय तसं हाय."

शहाळं तिनं घेतलं आणि त्याची पाठ वळताच मोरीत ओतलं. मोठा आला काळजीवाला! बुधवारी पेशी आहे, शिवमूर्तीची जबानी व्हायचीय, म्हणून अंदाज घ्यायला आलाय मेला. निजामाच्या राजवटीपासून इकडं कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. उमाबाईला त्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता.

सोमवारी सकाळी पोराचा ताप उतरला. कपाळ गार लागलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. चहा आणायला म्हणून ती निघाली, तर दाराच्या पलीकडं डॉक्टरीणबाई आणि रेवणप्पा बोलत उभे. ती थबकली.

"पेशी कमी झाल्याच होत्या, आता तर बदलल्यात," बाई सांगत होत्या. "आजचा दिवस फार महत्त्वाचा. त्याला इथून हलवू नका."

"कुठं हलवतोय बाई. पर पेशीचं वैनीला बोलू नका. उगं बोंब करंल."

उमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अस्सं! पेशी बदलली! बुधवारची अलीकडं ओढून आज केली, पोराला खाटेला जखडलं आणि मला पत्ता लागू द्यायचा नाही. जबानीला कुणी गेलं नाही की निकाल एकतर्फी. डॉक्टरीणबाईसुद्धा फितूर! हाडवैरी तो हाडवैरीच.

रेवणप्पा चहाच्या टपरीकडं गेलेला पाहून तिनं शिवमूर्तीला उठवलं.

"आई, पोटात लई दुखतंय."

"उपाशी पोट दुखतंच. ताप न्हाई काही न्हाई, ऊठ. कोर्टात नुसतं बसायचं हाय."

सलाईनची बाटली तेवढ्यात संपली होती. तिनंच सुई काढली, वर कापूस दाबला, सदरा चढवला आणि नर्सचा डोळा चुकवून पोराला फाटकापर्यंत आणलं. उदगीरची गाडी गाठायला रिक्षाला हात केला न केला तोच शिवमूर्ती मटकन खाली बसला. हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, हिरड्यांतून रक्त. "आई," म्हणाला आणि मान टाकली.

उमाबाईनं टाहो फोडला. पहिला कोण धावला? रेवणप्पा! हातातला चहा फेकून आला, पोराला खांद्यावर टाकलं आणि आत पळाला. ती मागून पळताना ओरडतच होती, "सोडा त्याला! पेशी बदलून घेतली न्हवं तुम्ही? माझ्या कानांनी ऐकलंय मी!"

पोराला आत घेतलं, दार लागलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या तिच्या अंगावरच. "कुणी उठवलं त्याला?" आणि "पेशी आज हाय म्हणून" हे उत्तर ऐकून त्या बघतच राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"अहो मावशी, कोर्टाची नव्हे, रक्तातली पेशी. रक्तात बारीक बारीक कण असतात, त्यांना पेशी म्हणतात. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. डेंगीत आधी त्यांची संख्या घटते, मग काहींचं रूप बदलतं. एरवी लहान, गोल असतात, त्या फुगतात, निळसर, वेड्यावाकड्या दिसतात. लढायला उठलेल्या असतात ना. पण कधी कधी ही लढाई इतकी पेटते, की आपल्याच अंगातल्या नसा पाझरायला लागतात. ताप उतरला की लोकांना वाटतं बरं झालं. खरा धोका तेव्हाच असतो."

उमाबाई भिंतीला टेकून खाली बसली. सलाईनची सुई स्वतःच्या हातानं काढली होती तिनं.

"मंजे कोर्टाची पेशी..." तिनं रेवणप्पाकडं पाहिलं. "बुधवारीच हाय?"

"न्हाई." रेवणप्पा खाली बघत म्हणाला. "तेवढं तुमचं खरं हाय, वैनी. ती बी मी बदलाय लावली. वकिलाला म्हणलं, पुढची माग. पोरगं खाटंवर असताना कशाची जबानी?"

उमाबाईला रडू आवरेना. तोंडात पदर कोंबून ती हमसाहमशी रडली. वैरी म्हणून ज्याला शिव्या दिल्या, त्यानं पोरापायी पेशी पुढं ढकलली. आणि आपण आई असून पेशीपायी पोराला फरफटत नेलं. लाज वाटली तिला, स्वतःची किळस आली.

दुपार कलली तेव्हा नर्स दारात आली. "नाडी लागतीय आता नीट. डोळे उघडलेत. एकानंच आत यायचं."

उमाबाई धडपडत उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"भावजी, तुम्ही जावा."

"वैनी, आई तर तुम्ही."

"जावा म्हणते ना!" ती खेकसली, डोळे पुसत. "पर जागा सोडणार न्हाई हां मी."

"नका सोडू," रेवणप्पा चपला काढत म्हणाला. "मी बी सोडत न्हाई." आणि आत गेला.