पारशिवनीहून आणलेली डहाळी

मी कडुनिंबाची डहाळी. मनीषनगरातल्या एका फ्लॅटच्या दाराला सुतळीनं उलटी टांगलेली. येणारा-जाणारा मला हात जोडतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तशी मी पारशिवनीची. रामाजींच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मजेत वाढले. त्यांची नात वेदिका तापली, डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, खोकला लागला आणि मग कानामागून अंगभर लाल पुरळ उठलं. म्हातारा तडक गावी आला आणि मला तोडून बसनं घेऊन गेला. अहो, त्यांच्या बिल्डिंगमागेच निंबाचं झाड आहे! पण निंब हवा तो आपल्याच धुऱ्यावरचा, हा हट्ट.

मला टांगलं आणि सुनेला, कामिनीला, त्यांनी बजावलं, "माता आली हाये वं. आता घरात फोडणी नको, अन् दवाई तं नकोच. तिले राग येते."

कामिनीनं सासऱ्यांचं ऐकलं. माझीच पानं तोडून ती पोरीच्या अंगावरून फिरवायची आणि माझ्याकडे अशा आशेनं बघायची, की वाटे, गळून पडावं. माझ्यात आहे काय? कडूपणा आणि थोडी सावली. आतला खोकला रोज वाढत होता, पोरगी पाणीही घेईना, आणि मी दाराशी देवासारखी मिरवत होते. लाज वाटायची हो!

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर अरुंधती जिना उतरताना मला पाहून थबकल्या. घरात कुणी येऊ नये म्हणून मला टांगलेलं, पण त्यांनी मला पाहूनच बेल दाबली.

श्वासागणिक वेदिकाची छाती आत ओढली जात होती. "गोवर आहे, आणि छातीत उतरलाय," त्या म्हणाल्या. "लस दिली होती?"

कामिनीनं सासऱ्यांकडे पाहिलं. रामाजीच बोलले, "नवव्या महिन्यात बोलावलं होतं. पोरीले सर्दी होती, मीच म्हटलं, मंग देऊ. मंग राहूनच गेलं."

"साध्या सर्दीत लस देता येते, काका." अरुंधतींचा आवाज उतरला. पुरळ उठायच्या आधी हीच पोर लिफ्टमध्ये लाल डोळ्यांनी खोकत होती आणि आपण मोबाइलमधून मान वर केली नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग म्हणाल्या, "डहाळी राहू द्या, बाकीची लेकरं तरी लांब राहतील. वेदिकाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

दार बंद झालं. मी एकटी वाळत राहिले. ऑक्सिजन लावलाय, जीवनसत्त्व अ दिलंय, एवढं जिन्यातल्या बोलण्यातून कळलं. पोरगी परत येते की नाही, ते कुणी बोलेना. बिल्डिंगमधल्या ज्यांच्या लेकरांच्या लसी राहिल्या होत्या, ते मात्र त्यांना घेऊन गुपचूप मागच्या गल्लीतल्या लसीकरण केंद्राकडे निघाले. जाताना मला हात कुणी जोडले नाहीत. बरं वाटलं.

मला धान्यात घाला, अंघोळीच्या पाण्यात टाका. पण आजारी लेकराच्या दाराशी डॉक्टरच्या जागी मला उभी करू नका.

आज वेदिका आली. काडीसारखी झालीय, पण कामिनीच्या कडेवर बसून माझं वाळकं पान ओढत होती. रामाजींचे हात सवयीनं मला जोडायला वर गेले आणि अर्ध्यातच थांबले. सुतळी सोडताना ते हळूच म्हणाले, "तुले तोडाले मी पारशिवनीले गेलो वं. लस तं मागच्याच गल्लीत होती."