तोफखान्याची सुनावणी

माजी सैनिकांच्या त्या मनोरुग्ण वॉर्डात चहासुद्धा हुकमाशिवाय निवत नसे. इन्चार्ज सिस्टरबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा इतका जड, की वीस वर्षांत बाई डावीकडे कलल्या त्या कलल्याच. तिथं नवी डॉक्टरीण आली आणि म्हणाली, आता पेशंटच्या पाठीमागं काही ठरायचं नाही. त्यानं बैठकीत बसायचं, काय हवंय ते सांगायचं, आपण त्या वाटेनं चालायचं. बाईंनी कपाळाला हात लावला.

पहिला नंबर तोफखान्याचा. तोफेवर होता म्हणून हे नाव. एरवी गडी असा अबोल, की अकरा वर्षांतलं त्याचं सगळं बोलणं काड्यापेटीवर लिहून वर जागा उरली असती. बायको त्याला घरी न्यायला आली होती. त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं.

पण टेबलामागची चार माणसं बघून तो बसलाच नाही. सावधानमध्ये उभा राहिला. त्याच्या लेखी ही लष्करी सुनावणीच होती, अकरा वर्षं उशिरा लागलेली.

"गुन्हा कबूल आहे," तो म्हणाला. माघार घेताना जखमी जोडीदाराला त्यानं तोफेपाशीच टाकलं होतं. जोडीदार मागून हाका मारत होता. किती, तेही यानं मोजलं होतं: चौदा. "शिक्षा सांगा."

हे कोर्ट नाही, असं डॉक्टरीण परोपरीनं सांगत होती. तो ढिम्म. बाईंच्या जिभेवर आलं होतं, की शिक्षा अकरा वर्षं, भोगून झाली, चल घरी. हुकूम त्यानं मानला असता. असल्या थापा बाईंनी जन्मभर औषधासारख्या पाजल्या होत्या. पण त्या चौदा हाकांवर थाप काही घशाबाहेर पडेना.

बायको म्हणाली, "अकरा वर्षं मीपण आतच आहे. माझा गुन्हा कोणता, तेवढं विचारा."

"तुला कुणी कोंडलंय?"

"तुम्ही."

तो तिच्याकडं वळला. डॉक्टरिणीनं हळूच पुन्हा विचारलं, काय हवंय?

"घरी नको. आधी त्या जोडीदाराच्या आईकडं जायचंय. तिला सांगायचंय."

"आणि तिनं तोंडावर दार लावलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर बाहेर उभा राहीन."

बाईंनीच रजिस्टर ओढलं, गुरुवारी रुग्णालयाची गाडी मोकळी आहे म्हणाल्या, आणि सोबतीला म्हणून आपलं नाव घातलं. बायकोनं डोळे पुसले आणि पुढची बस धरून ती एकटीच घरी गेली.